हिंगाचा खण

भंगारवाला आणि अँटिकवाला यांच्यातला फरक आमच्या गल्लीला आताशा कळू लागला आहे. भंगारवाला ओरडत येतो, वस्तू उचलून वजनाचा अंदाज घेतो आणि भाव पाडतो. अँटिकवाला टेम्पो कोपऱ्यावर ठेवून पायी येतो, चपला बाहेर काढतो, पाणी मागतो, घरातल्या म्हाताऱ्या माणसांच्या तब्येतीची चौकशी करतो, मोबाइलवर चार फोटो काढतो आणि मग भाव पाडतो. भंडाऱ्याहून नागपूर साठेक किलोमीटर. एवढ्या अंतरात कुठंतरी कपाटाचा कचरा असणं संपतं आणि व्हिंटेज असणं सुरू होतं. ही हद्द नेमकी कुठं लागते ते फक्त त्याला आणि टेम्पोच्या ड्रायव्हरला ठाऊक. मौद्याला कन्हान ओलांडली की लागत असावी, असा माझा अंदाज आहे.

सध्या त्याला एकाच गोष्टीचा ध्यास लागला आहे. ॲपोथेकरी कॅबिनेट. जुन्या काळी औषध विकणाऱ्यांच्या दुकानात असायचं तसं, लहान लहान खणांचं, प्रत्येक खणाला पितळी कडी असलेलं उंच लाकडी कपाट. पुण्या-मुंबईकडच्या दिवाणखान्यांत म्हणे त्याला फार मागणी आहे. शेजारचे काकाजी पोस्टातून निवृत्त झालेले. त्यांना त्यानं फोटो दाखवला. काकाजींनी कपाळावरचा चष्मा खाली घेतला.

"हे तं आमचं सॉर्टिंगचं कपाट होय. यात टपाल टाकाचो आम्ही. हा वरचा खण पवनी, त्याच्या बाजूले अड्याळ, हा लाखांदूर."

"नाही काकाजी, हे औषधाचं आहे."

"असन ना. पण टपाल बी मावन त्यात."

आता काकाजींचंही अगदीच चुकलं असं नाही. खणांचं कपाट म्हणजे मुळात लक्षात ठेवायची सोय, मग ती सुंठ असो की लाखांदूरची मनीऑर्डर. चीनमधल्या औषधवाल्यांनी ही सोय पार टोकाला नेली. तिकडं अशा कपाटाला शंभर पोरांचं कपाट म्हणतात. खण शेकड्यांनी, आणि खणाच्या आत पुन्हा दोन-तीन कप्पे. मांडणीही उगाच नाही. रोज लागणारी औषधं हाताच्या उंचीवर, हलकी पानंफुलं वर, जड दगड-शिंपले खाली, आणि ज्या दोन औषधांचं एकमेकांशी पटत नाही ती शेजारी ठेवायची नाहीत. दुकानात शिकायला आलेल्या पोराला कुठल्या खणात काय हे आधी पाठ करावं लागे. मला ही शेजारी न ठेवण्याची पद्धत फार आवडली. आमच्या घरच्या आलमारीत आईच्या आणि आत्याच्या साड्या एकाच कप्प्यात ठेवल्या गेल्या होत्या, त्याचे परिणाम आम्ही पुढं बारा वर्षं भोगले.

आमच्याकडं औषधांना काही तोटा नव्हता. नागझिऱ्याचं आणि कोक्याचं जंगल दाराशी. हिरडा, बेहडा, आवळा, बेल, चारोळी, मोहा हे सगळं बाजाराच्या दिवशी टोपलीतून यायचं. पण पंसाऱ्याच्या दुकानात पितळी कड्यांचे सुबक खण शोधाल तर निराश व्हाल. तिथं पोती होती, बरण्या होत्या, आणि डबे होते. डबे म्हणजे डालड्याचे. पिवळा रंग, त्यावर ताडाचं झाड. भारतातलं खरं ॲपोथेकरी कॅबिनेट हेच, असं माझं प्रामाणिक मत आहे. एका फळीवर ताडाची अठरा झाडं ओळीनं उभी असत आणि एकात सुंठ, एकात पिंपळी, एकात वावडिंग, एकात मुरुडशेंग. बाहेरून सगळे एकजात वनस्पती तूप. दुकानदार न बघता हात घाली तो बरोबर ज्येष्ठमधावर. परदेशात म्हणे खणांवर लॅटिन अक्षरात नावं रंगवून ठेवत. आमच्याकडं नाव लिहिलेलंच असे, फक्त ते दुसऱ्याच वस्तूचं असे.

ही विद्या दुकानातून घराघरात आली की घरातून दुकानात गेली, सांगता येत नाही. आमच्या आत्याच्या स्वयंपाकघरात आजही असा संवाद घडतो.

"आत्या, साखर कुठं आहे?"

"चहापत्तीच्या डब्यात."

"आणि चहापत्ती?"

"बिस्किटाच्या डब्यात. हळदीच्या मागं."

"हळदीचा डबा कुठला?"

"ज्याच्यावर बोर्नव्हिटा लिवलं आहे तो. तुले एवढं बी नाही दिसत?"

ही सगळी यादी आत्याच्या डोक्यात असते, कागदावर कुठंच नाही. त्यामुळं ती चार दिवस माहेरी गेली की घरात सगळं असतं आणि काहीच सापडत नाही. मामंजी नुसत्या अंदाजानं चहा करतात. एकदा त्यांनी त्यात ओवा घातला आणि तो त्यांना मानवला, हा भाग वेगळा.

अँटिकवाला कपाट घेऊन जातो ते रिकामं. त्यातली यादी ज्याच्या डोक्यात होती तो माणूस बहुधा आधीच गेलेला असतो. आईचे मामा पवनीकडं वैद्यकी करायचे. त्यांचं सागवानी कपाट होतं. अस्सल खणांचं, सहा रांगा, रांगेत सहा. प्रत्येक खणावर कागदाची चिठ्ठी, बोरूनं लिहिलेली आणि तांदळाच्या खळीनं चिकटवलेली. धानाच्या जिल्ह्यात खळ भातापासूनच होणार. पण कसर नावाच्या किड्यालाही भात आवडतो. वीस-पंचवीस वर्षांत त्यानं चिठ्ठ्या कडेकडेनं खाल्ल्या आणि नेमकी नावाची पहिली अक्षरं गेली. त्यामुळं नंतर नंतर निम्म्या खणांवर फक्त 'मूळ' एवढंच उरलं होतं. कशाचं मूळ ते मामाआजोबांना माहीत. ते रोग्याशी बोलता बोलता पाठमोरे हात मागं नेत, खण ओढत, चिमूट घेत, पुडी बांधत. चिठ्ठ्या त्यांनी कधी वाचल्याच नसाव्यात. त्या रोग्यांसाठी होत्या. भिंतीवर पदवीचं सर्टिफिकेट लावतात तशातलं ते काम होतं.

पुढं कपाट मामेभावाकडं आलं. त्याचा वैद्यकीशी संबंध इतकाच, की त्याला नेहमी काही ना काही होत असे. त्यानं ते विकलं आणि फिरत फिरत ते कुणा शहरातल्या हौशी कुटुंबाकडं पोचलं. काही दिवसांनी मधल्या दलालाचा फोन आला. बाईंना कपाट पसंत आहे, चकाकी उत्तम आली आहे, येणारा-जाणारा विचारतो. फक्त चौथ्या रांगेतल्या दुसऱ्या खणाचा काही इलाज आहे का?

तो हिंगाचा खण. हिंग ज्या लाकडात एकदा मुरला तो तिथून जात नाही. बाईंनी लिंबू लावून पाहिलं, कॉफी ठेवून पाहिली, कोळसा ठेवून पाहिला. मग त्यावर मेणाचं पॉलिश दिलं, तेव्हा पॉलिशलाच हिंगाचा वास यायला लागला. त्या खणात त्यांनी घरातले पासपोर्ट ठेवले होते. पुढच्या प्रवासात विमानतळावरच्या अधिकाऱ्यानं पासपोर्ट उघडला आणि शिक्का मारायच्या आधी एकदा नाकाशी नेला म्हणतात. तो मराठी किंवा गुजराती असता तर त्याला वरण-भाताची आठवण येऊन काम सोपं झालं असतं. मामेभावानं दलालाला उलट टपाली कळवलं, की वास हा मूळ मालाचाच भाग आहे, त्याचे वेगळे पैसे लावलेले नाहीत.

वैद्याच्या कपाटाचा धाकटा भाऊ म्हणजे दवाखान्यातलं कंपाउंडरचं कपाट. हे ज्यांनी पाहिलं नाही त्यांना आजच्या चंदेरी पट्टीतल्या गोळ्यांमध्ये काय गमावलं ते समजणार नाही. रोग्यानं बाटली घरून आणायची. ती बहुधा खोबरेल तेलाची असे, त्यामुळं पोटदुखीचं औषध घेताना डोकंही शांत व्हायचं. कंपाउंडर मोठ्या बरणीतून गुलाबी पाणी ओती, वरून साधं पाणी ओती, बूच मारी. मग खरी कला. कागदाची पट्टी घडी घालायची, कात्रीनं कडेला चिमटे काढायचे, उलगडली की दोन्ही बाजूंना सारख्या खाचा. डिंक लावून ती बाटलीला उभी चिकटवायची. एक खाच म्हणजे एक डोस. डॉक्टरनं काय लिहिलं ते कुणालाच वाचता येत नसे, पण खाचा अख्ख्या गावाला वाचता येत. पोरं मधल्या खाचेपर्यंत पिऊन वर पाणी भरून ठेवत आणि आठवड्याभरानं औषधाचा रंग उतरला म्हणून आई कंपाउंडरशी भांडायला जाई.

त्या कपाटात टिंक्चर आयोडीन असे, जांभळं जेन्शन व्हायोलेट असे, एपीसीच्या पांढऱ्या पुड्या असत. आणि एक लहान कपाट वेगळं, कुलपाचं, त्यावर लाल अक्षरात 'विष'. नियम असा, की विषारी औषधं वेगळी आणि बंद ठेवायची. अख्ख्या दवाखान्यात धड कुलूप असलेलं ते एकच कपाट. म्हणून आमच्या लहानपणीच्या कंपाउंडर साहेबांचा जेवणाचा डबा, पानाची चंची आणि महिनाअखेरचे पैसे त्यातच असत. दुपारी दीड वाजता ते कमरेची किल्ली काढून 'विष' उघडत आणि पोळी-भाजी बाहेर काढत. बाकावर नव्यानं आलेले रोगी ते बघून एकमेकांना धरत.

सरकारी कपाटाची आणखी एक खूण म्हणजे अंगावर पांढऱ्या रंगानं घातलेला डेडस्टॉकचा नंबर. सरकारी कपाट मोडलं म्हणून मरत नाही. त्याचं निर्लेखन व्हावं लागतं. त्यासाठी प्रस्ताव, पाहणी, मंजुरी, लिलाव. तोवर ते व्हरांड्यात एका पायावर उभं असतं आणि मांजर त्यात विते. १ मे १९९९ला भंडाऱ्यातून गोंदिया जिल्हा वेगळा झाला, तेव्हा तालुके कसे वाटले ते सगळ्यांना माहीत आहे. सात इकडं राहिले. कपाटं कशी वाटली, हा इतिहास मात्र कुणी लिहिला नाही. किल्ल्या एका जिल्ह्यात आणि कपाट दुसऱ्या, असं एखादं तरी झालं नसेल यावर माझा विश्वास बसत नाही.

असंच लिलावातलं एक कपाट नागपुरातल्या एका झगमगीत हॉटेलात पाहिलं. काच नवी, पितळ घासलेलं, आतून पिवळा दिवा. डेडस्टॉकचा नंबर तेवढा मुद्दाम तसाच ठेवलेला, त्यावर वार्निश मारून जपलेला. आत रंगीत बाटल्या ओळीनं. वेटर मोठ्या बाटलीतून रंगीत द्रव ओतत होता, वरून पाणी घालत होता. पद्धत हुबेहूब तीच होती. फक्त बाटलीला खाचांची पट्टी नव्हती, त्यामुळं पलीकडच्या टेबलावरच्या गृहस्थांना आपला कितवा डोस चालला आहे ते समजत नव्हतं.

घरगुती साठवणीचं सामान बघायचं तर अँटिकवाल्यांनी झाडीपट्टीत यायलाच हवं. आमचा जिल्हा तांदळाचा, आणि ज्याच्या घरी धान त्याच्या घरी धानाहून मोठं काहीतरी लागतंच. मातीच्या कोठ्या. बुरडानं विणलेल्या, शेणामातीनं लिंपलेल्या बांबूच्या ढोल्या. कोठीला खाली भोक आणि भोकाला चिंध्यांचा बोळा. बोळा काढला की धान येतं, आणि आलं की थांबत नाही. तळ लागला की घरातलं सगळ्यात बारकं पोर वरून आत उतरवायचं. ते आतून झाडून काढी आणि त्याला बाहेर काढायला मग दोघं लागत. आता हीच ढोली शहरात लिंपण न करता, उलटी टांगून, आत बल्ब लावून विकतात. एका लग्नाच्या हॉलमध्ये अशा बऱ्याच टांगलेल्या पाहून आमची आत्या घाबरली होती. "बाप्पा! एवढं धान सांडलं कुठी?" हा तिचा पहिला प्रश्न.

उतरंड तर आता शब्दकोडं सोडवणाऱ्यांनाच माहीत. भिंतीशी मडक्यावर मडकं रचलेलं, मोठ्यापासून लहानापर्यंत. पैसे सगळ्यात खालच्या मडक्यात. ते काढायचे तर वरची सगळी उतरवावी लागत आणि एवढं करताना एखादं तरी वाजतंच. म्हणजे कपाट, तिजोरी आणि धोक्याची घंटा एकाच जागेत. चोराला ते जमत नसे. नवऱ्यालाही नसे, आणि ही सोय मुख्यतः त्याच्यासाठी होती असं आजी म्हणायची.

मग लोखंडी आलमारी आली आणि मडकी हरली. पुण्याकडं कपाट म्हणतात, आमच्याकडं आलमारी. गोदरेजनं १८९७ साली कुलपांपासून सुरुवात केली, १९२३मध्ये पोलादी कपाटं काढली, आणि पुढं आमच्याकडं कुणाच्याही फॅब्रिकेशनच्या दुकानात ठोकलेल्या आलमारीला गोदरेजच म्हणायची रीत पडली. याच कारखान्यानं पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीसाठी लाखो मतपेट्या बनवल्या होत्या. तेव्हा प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी असे आणि मतदार आपला कागद हव्या त्या पेटीत टाके. १९५४च्या पोटनिवडणुकीत खुद्द बाबासाहेब आंबेडकर भंडाऱ्यातून उभे होते, आणि इथल्या मतदारांनी त्यांना निवडून दिलं नाही. लोखंडी पेट्यांच्या इतिहासात आमच्या जिल्ह्याचं नाव निघालं की मी विषय बदलतो, तसा आताही बदलतो.

तर आलमारी. ती आंदणात येते. नवरी, दिवाण, कूलर, आलमारी, हा टेम्पोतला क्रम. नवरी घरात सहज शिरते, आलमारी शिरत नाही. कौलारू घराचं दार बुटकं. वरातीतले आठ जण तिला आडवी, तिरपी, उलटी करून पाहतात, प्रत्येक जण दुसऱ्याला "तुमी सोडा" म्हणतो, आणि शेवटी चौकटीच्या वरची चार बोटं भिंत फोडली जाते. आत गेलेली आलमारी पुन्हा बाहेर येत नाही. घर पाडून नवीन बांधलं तेव्हा आमच्या एका नातलगांनी तिच्याभोवतीच भिंती उभ्या केल्या. ती मधे ताडपत्री पांघरून दोन पावसाळे उभी होती.

आलमारीला एक चोरकप्पा असतो, तो घरातल्या सगळ्यांना माहीत असतो. त्याची किल्ली लॉकरमध्ये, लॉकरची किल्ली साड्यांखाली, आणि आलमारीची किल्ली आलमारीवर. पाहुणे आले की ती तिथून उचलून देव्हाऱ्यात, हळदी-कुंकवाच्या करंड्याखाली ठेवतात. पाहुणेही आपल्या घरी तसंच करत असल्यामुळं कुणाचा काही गैरसमज होत नाही. आतल्या कप्प्यांत डांबराच्या गोळ्या आणि तळाला वर्तमानपत्र. दिवाळीची साफसफाई अडते ती या वर्तमानपत्रापाशी. आमच्या आलमारीच्या मधल्या कप्प्यात जून १९८३चा अंक निघाला. कपिल देव, विश्वचषक. काका तो वाचायला बसले, मग पुतण्या त्यांच्या खांद्यावरून वाचायला लागला. आईनं झाडू ठेवून विचारलं, काय झालं? काका म्हणाले, आपण जिंकलो. संध्याकाळपर्यंत साड्या पलंगावर आणि आलमारी उघडी. शेवटी तोच कागद झटकून पुन्हा तिथंच अंथरला, कारण एवढी चांगली बातमी टाकणार कुठं?

२०२०च्या ऑगस्टअखेर वैनगंगेचा पूर भंडारा शहरात शिरला, तेव्हा फर्निचरची खरी परीक्षा झाली. लोखंडी आलमाऱ्या खालून गंजल्या पण उभ्या राहिल्या. जुनं सागवान चार दिवस चिखलात बसलं, धुतलं, वाळलं आणि कामाला लागलं. भुसा दाबून केलेल्या फळ्यांचं नवं देखणं फर्निचर मात्र भिजवलेल्या पोह्यांसारखं फुगलं आणि हातात येऊ लागलं. ज्यांच्या घरी ते होतं ते त्या आठवड्यात भंगारवाल्याची वाट बघत होते, आणि भंगारवाला म्हणत होता, मी लोखंड घेतो, पोहे नाही.

त्यामुळं जुन्या लाकडाला भाव आला तर त्यात गैर काही नाही. जुन्या खणाचा कोपरा एकदा जवळून बघावा. खिळा नाही. दोन फळ्यांना कबुतराच्या शेपटीच्या आकाराच्या खाचा पाडून एकमेकींत बसवलेल्या, खण जितका ओढाल तितका सांधा आवळतो. आतल्या बाजूला, जिथं कुणी बघणार नाही तिथं, रंधा फिरवलेला नसतो. सुतारानं पेन्सिलीनं घातलेला आकडा असतो, तीन, पाच, म्हणजे कुठला खण कुठं बसायचा ते. हे दिसलं तर समजावं, की खण हातानं आणि त्याच जागेसाठी केला आहे.

पंचाईत अशी, की मागणी फार आणि जुनं सामान थोडं. कायद्यानं बघायला गेलं तर १९७२चा पुरावशेष कायदा शंभर वर्षं पुरी झाल्याशिवाय वस्तूला पुरातन मानत नाही. कंपाउंडरचं कपाट त्यात बसत नाही, आलमारी तर नाहीच. मग व्यापारानं दोन वाटा काढल्या. एक, शंभराच्या आतल्याला व्हिंटेज म्हणायचं. दोन, नवं करायचं आणि जुनं दाखवायचं. जोधपूरला हा उद्योग मोठा आहे. आंब्याचं नाहीतर शिसवी नवं लाकूड घेतात, त्याला साखळीनं बडवतात, रंग देऊन मुद्दाम खरवडतात. मुंबईत चोरबाजारातल्या मटन स्ट्रीटवर जाऊन आलेला माणूस म्हणतो, की तिथं खरं आणि केलेलं शेजारी शेजारी उभं असतं आणि दुकानदार दोन्हींची शपथ सारख्याच गंभीरपणे घेतो.

आमच्या पुतण्यानं हे काम इथंच करून घ्यायचं ठरवलं. गावातल्या सुताराला फोटो दाखवला. खण अमुक, कड्या पितळी. पितळेची काही चिंता नाही, भंडाऱ्याची पितळी भांडी एके काळी दूरवर जायची.

"होऊन जाईन भाऊ. सागवान आहे. पॉलिश झकास मारून देतो."

"पॉलिश नको. उलट जरा खराब दिसलं पाहिजे."

"खराब?"

"म्हणजे ओरखडे हवेत. कोपरे झिजलेले. साखळीनं मारायचं थोडं."

सुतारानं पटाशी खाली ठेवली. "नवीन करू, आन् मंग मारू?"

"हो."

"मंग असं करा ना. मी चांगलं करून देतो. तुमच्या घरी दोन लेकरं आहेत. सा महिने ठेवा. साखळीचे पैसे वाचतीन."

पुतण्यानं ऐकलं आणि तसंच झालं. लेकरांनी सहा महिन्यांचं काम दीड महिन्यात उरकलं. कंपासपेटीतल्या कर्कटकानं एका खणावर जे काही कोरलं आहे ते जोधपूरला कुठल्याही किमतीत मिळालं नसतं.

पण कपाट आलं की पुढचा प्रश्न येतो, आणि तो दुकानात कुणी सांगत नाही. इतक्या खणांत ठेवायचं काय? वैद्याकडं छत्तीस वस्तू होत्या म्हणून छत्तीस खण होते. तुमच्याकडं खण आधी आले. सुनेनं पहिल्या दिवशी सुंदर अक्षरात चिठ्ठ्या लावल्या. सुई-दोरा, मेणबत्त्या, बॅटरी, पेनं, चार्जर. दहाव्या खणाला वस्तू संपल्या. मग 'इतर'. मग 'इतर २'. आज त्या कपाटात काय आहे ते मी उघडून पाहिलं आहे. गॅरंटी कार्डं, वस्तू गेल्या पण कार्डं आहेत. कुठल्याच कुलपाच्या नसलेल्या किल्ल्या. शर्टांबरोबर आलेली जादा बटणं. देवस्थानांच्या अंगाऱ्याच्या पुड्या, कुठल्या देवाच्या ते न लिहिलेल्या. 'मेणबत्त्या' खणात चार्जर, 'चार्जर' खणात मिरे. म्हणजे आत्याची परंपरा रक्तातच आहे.

आणि मधल्या रांगेत, हाताच्या उंचीवर, अगदी चिनी पद्धतीनं, औषधं. पुतण्याच्या वडिलांची बीपीची, आईची थायरॉइडची, दोघांची साखरेची. सकाळची एका खणात, रात्रीची दुसऱ्या, आणि ज्या दोन एकत्र घ्यायच्या नाहीत त्या लांब लांब. शिवाय बाराक्षाराच्या बारा बाटल्या, कारण निवृत्त शिक्षकाच्या घरात त्या असतातच. लहानपणी आमच्या हेडमास्तरांच्या घरी होमिओपॅथीची पेटी होती. साबुदाण्याएवढ्या गोड गोळ्यांसाठी अख्खी गल्ली आळीपाळीनं आजारी पडायची. म्हणजे शोभेसाठी घेतलेल्या औषधाच्या कपाटात कुणी न सांगता औषधंच जाऊन बसली. दिवाणखान्यात आलेले पाहुणे कपाटाचं कौतुक करतात, खण ओढून बघतात, आणि परत जाताना मेटफॉर्मिनच्या डोसवर चर्चा करत जातात.

जुन्या सामानाला पैसे मिळतात ही बातमी आत्यापर्यंत पोचायला वेळ लागला नाही. अँटिकवाला परवा पुन्हा आला, तेव्हा तिनं त्याला हातानं धरून मागच्या खोलीत नेलं. तिथं कॉम्प्युटर टेबल होता. लॅमिनेट उखडलेला, कीबोर्डची सरकती फळी, खाली सीपीयूसाठी खोपा, वर सीडी ठेवायचे उभे कप्पे. २००२ साली धाकट्यानं एमएससीआयटी लावली तेव्हा हप्त्यानं घेतलेला. त्या खोप्यात आता कांदे असतात.

अँटिकवाल्यानं फोटो काढला नाही. "आत्याबाई, हे नाही चालणार. हे जुनं नाही."

"काहून? वीस वर्साच्या वर झाले."

"शंभर लागतात. कायदाच आहे तसा."

आत्यानं बोटांवर हिशेब केला. मग आतून डायरी आणली, सीडीच्या कप्प्यातून पेन काढलं आणि दोन्ही त्याच्या पुढं धरलं.

"मंग लिवून ठेवा तुमच्या हातानं. २१०२. मी नसन तं सून असन. पण भाव आजच ठरवून जाजा."